पोर्टेबल

पोर्टेबल हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो टीव्हीबरोबर. १९८२ च्या एशियाडनंतर एक-दोन वर्षांतली गोष्ट. चौदा इंची, ब्लॅक अँड व्हाइट, वर धरायला कडी. कडी होती म्हणून पोर्टेबल! प्रत्यक्षात तो टीव्ही पंधरा वर्षांत कपाटावरून एकदाही हलला नाही, कारण अँटेनाची वायर तेवढीच होती.

हल्ली हा शब्द नातीच्या तोंडी रोज असतो. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिचं काम म्हणजे, तिच्याच भाषेत, "क्वेऱ्या पोर्टेबल करणे". दिवाळीत आली होती तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि म्हटलं, बाई गं, चौथीच्या मुलाला सांगतेस तसं सांग.

तिनं सांगितलं ते असं. समजा शाळेचं रजिस्टर कॉम्प्युटरमध्ये आहे. त्यातून पहिली दहा नावं काढायची आहेत. हे विचारायची भाषा एकच, एसक्यूएल. १९८६ साली अमेरिकेत आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचं प्रमाण रूप ठरलं. पण प्रमाणभाषा पुस्तकात आणि बोली गावोगाव, हे तिथंही आहेच. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांना वाक्याच्या शेवटी 'लिमिट दहा' म्हणायचं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरला सुरुवातीलाच 'टॉप दहा'. ओरॅकलची तऱ्हा तिसरीच. प्रमाणभाषेतलं 'फेच फर्स्ट' त्याला २०१३ पासून कळायला लागलं. एकाची बोली दुसऱ्याकडे बोललात की तो सरळ एरर देतो, मला समजलं नाही म्हणतो.

"पण आजी, एरर आली तर बरंच," ती म्हणाली. "खरा त्रास एरर येत नाही तिथं होतो."

म्हणजे कसं? दोन शब्द जोडायला प्रमाणभाषेत दोन उभ्या रेघा लिहितात. नाव, दोन रेघा, आडनाव... झालं पूर्ण नाव. मायएसक्यूएलमध्ये, तुम्ही वेगळं काही सांगून ठेवलं नसेल तर, त्याच दोन रेघांचा अर्थ 'किंवा'. तो थांबत नाही. नाव किंवा आडनाव असा हिशेब करतो आणि तुमच्या हातात शून्य ठेवतो! आणि ओरॅकल म्हणे रिकामा मजकूर आणि 'माहीत नाही' यांत फरकच करत नाही. इथं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. वडिलांचं नाव नाही आणि वडिलांचं नाव माहीत नाही, या दोन गोष्टी एक कशा? चौतीस वर्षं जनरल रजिस्टर लिहिलेल्या बाईला विचारा. गुणपत्रकात शून्य वेगळं, गैरहजर वेगळं, आणि कोरा रकाना वेगळा. कोऱ्या रकान्यासाठी मी कितीतरी जणांना स्टाफरूममधून परत बोलावलंय.

असो. हे एवढं लांबण लावायला कारण आहे. हे गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मुलाचं म्हणणं, कराडचं घर विकून टाकावं आणि मी पुण्यात त्यांच्याकडे राहावं. त्याचं काही चुकत नाही. जिना चढताना माझा गुडघा बोलतो, आणि रात्री काही झालं तर शेजाऱ्यांनी किती धावायचं? सून तर मुलीसारखीच वागते. म्हणजे भांडायलाही जागा नाही!

तर पोर्टेबलपणाचा विचार सध्या मी माझ्यापुरता करतेय.

माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. वडील तालमीत जाणारे. मुलींना हौद्याच्या आसपास फिरकायची सोय नव्हती, पण डावांची नावं आम्हा बहिणींना पाढ्यांसारखी पाठ होती. ढाक, कलाजंग, धोबीपछाड, घिस्सा, मोळी, एकेरी पट. वडील म्हणायचे, पैलवानाला पन्नास डाव येत असतील, पण हुकमी डाव एकच असतो. समोरच्याला माहीत असतं की तो येणार, तरी तो येतोच.

खाशाबा जाधवांचा हुकमी डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची, कंबर त्याच्या खाली घालायची आणि वरून घेऊन टाकायचं. वडिलांनी त्यांना कोल्हापुरात कुस्ती करताना पाहिलं होतं. ते सांगताना वडील उशी काखेत धरायचे आणि आई ओरडायची. पुढं मी लग्न होऊन कराडला आले, तर खाशाबांचं गोळेश्वर कराडला अगदी लागून. माहेरून सासरी माझ्याबरोबर आलेली ही एकच ओळखीची गोष्ट, असं मी ह्यांना चिडवायची.

विचार करून बघा. खाशाबा मातीतले. माती म्हणजे नुसती माती नव्हे, तीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून मऊ केलेली. तिथं नियम एकच, समोरच्याची पाठ लावायची. चितपट झाला की निकाल. आणि ऑलिंपिकमध्ये गादी. घड्याळ लावलेलं, आणि पाठ लागली नाही तर कुस्ती कोणी चांगली केली हे पंच ठरवणार. १९४८ साली लंडनला गादीची सवय नसताना ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

म्हणजे ढाक पोर्टेबल निघाला. सगळे डाव तसे नसतात बरं का. मातीत लांगेला हात घालून उचलता येतं; गादीवर पोशाख धरला तर पंच शिट्टी मारतो. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावायचाच नाही, तिथं एकेरी पट काय कामाचा? ढाक मात्र तिथंही चालतो, कारण तो कमरेच्या वरून धरायचा डाव. फक्त मानेबरोबर समोरच्याचा एक हातही कवळावा लागतो. एवढी दुरुस्ती केली की झालं. नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे ढाक स्टँडर्ड एसक्यूएलमध्ये लिहिलाय!"

पण हेलसिंकीतली एक गोष्ट मला नेहमी टोचते. खाशाबांची जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली आणि पाठोपाठ त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला उभं केलं. मध्ये नियमानं मिळणारी विश्रांती मागायला त्यांच्या बाजूनं तिथं कोणी अधिकारीच हजर नव्हता, असं सांगतात. डाव पोचला होता हेलसिंकीला. "थांबा, आमच्या पोराला दम घेऊ द्या" म्हणणारं तालमीतलं माणूस तेवढं पोचलं नव्हतं. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे खरं. पण ती इथं.

मुलाला हा युक्तिवाद पटला नाही. त्याचं दैवत फुटबॉल. (कोल्हापूरच्या आजोळाचा गुण! तिथं फुटबॉलचे संघसुद्धा तालमीच आहेत. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. लाल मातीतून उठून शाहू स्टेडियमवर गेलेल्या.) त्यानं मला सीडॉर्फ ऐकवला. क्लॅरेन्स सीडॉर्फ, जन्म सुरीनामचा, खेळला हॉलंडकडून. १९९५ साली आयाक्सकडून चॅम्पियन्स लीग जिंकला, १९९८ साली रिआल माद्रिदकडून, २००३ आणि २००७ साली मिलानकडून. तीन वेगवेगळ्या क्लबांकडून ती जिंकणारा पहिला खेळाडू. "आई, चांगला माणूस जाईल तिथं चालतो," चिरंजीव म्हणाले.

मास्तरणीला असं अर्धवट उत्तर देऊन कसं चालेल? मी नातीकडून त्याची सगळी कारकीर्द क्रमानं काढून घेतली. तर माद्रिदच्या आधी एक वर्ष साम्पदोरिया. तिथं काही नाही. आणि माद्रिदनंतर, २००० ते २००२, मिलान शहरातलाच दुसरा क्लब, इंटर. तिथं एकही करंडक नाही. मग तो मिलानकडे गेला आणि दहा वर्षं राहिला. आता गंमत बघा, इंटर आणि मिलान या दोघांचं घरचं मैदान एकच, सान सीरो! तेच शहर, तेच गवत, तेच पाय. फरक पडला तो आजूबाजूच्या माणसांत. मिलानला आन्चेलोत्तीनं पिर्लो, गत्तूसो आणि हा असे शेजारी शेजारी बसवले, आणि हाच माणूस एकदम चालायला लागला. (वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो ब्राझीलला बोताफोगोकडे गेला आणि २०१३ साली तिथली रिओची राज्य स्पर्धाही जिंकला. मुलानं हे आवर्जून सांगितलं. ठीक आहे, लिहिलंय.)

मी पण एकदा क्लब बदललेला आहे. १९७२ साली. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीनं नवीन नाव लिहिलं, आणि नाव, मधलं नाव, आडनाव हे तिन्ही रकाने एका दुपारीत बदलले. आम्हा बायकांना पोर्टेबल आहेस का असं कोणी विचारलं नाही, ते गृहीतच होतं. तेव्हा निभावलं कारण दोन वर्षांत शाळा मिळाली. माझा हुकमी डाव वर्ग. समोर चाळीस डोकी असली की मी कुठल्याही गावात मीच असते. रिटायर झाल्यावरही संध्याकाळी गल्लीतली पाच-सात पोरं व्याकरणाला येतात, गुरुवारी वाचनालयात आम्ही चौघी-पाचजणी असतो, आणि भाजीवाली माझीच विद्यार्थिनी. ती मला अजून "बाई" म्हणते आणि मी तिचं ऱ्हस्व-दीर्घ काढते.

मागच्या पावसाळ्यात दोन महिने पुण्यात राहून आले. कुठंही एरर आली नाही. लिफ्ट, बाग, वेळेवर जेवण, डॉक्टर खाली. सगळे प्रेमानं बोलत. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात कोणी नसे. एके दिवशी फोनवर बहिणीशी बोलायला लागले तर आवाज बसल्यासारखा लागला. सर्दी नव्हती. हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, कालपासून मी मोजून चार वाक्यं बोलले होते, आणि त्यातलं एक लिफ्टमधल्या कुत्र्याशी. नातीच्या दोन उभ्या रेघा मला कळल्या त्या त्या दिवशीच्या आठवणीनं.

तेव्हा मुलाला सांगितलंय, घर विकायचं इतक्यात नाही. गुडघ्याचं बघायला मी माघात येते, दोन महिने राहते. पण त्याआधी तुझ्या सोसायटीच्या आसपास चालत जाण्याजोगं मराठी वाचनालय आहे का बघ, आणि कामवाल्या बायकांच्या मुलांना शिकवायला एखादी खोली मिळेल का ते विचारून ठेव. खोलीचं बघतो म्हणाला. वाचनालय दोन किलोमीटरवर आहे, म्हणजे रिक्षा. आणि काल त्यानं बागेतल्या कट्ट्याचा फोटो पाठवला. सात-आठ आजोबा ओळीनं बसलेत, पायांत बूट, डोक्याला कानटोप्या.

मी विचारलं, आज्या कुठे बसतात? अजून उत्तर आलेलं नाही.