भाड्याचे घर आणि पावतीचा कागद

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपले वाडवडील म्हणत. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत येणारी आजची तरुण जोडपी या म्हणीत थोडा बदल सुचवतील. घर बांधणे फार पुढचे, आधी ते भाड्याने मिळवून पाहावे! भाडे ठरवताना दोन्ही बाजू पाचशे रुपयांसाठी तासभर घासाघीस करतात. पण पैसे कोणाच्या हाती, कशासाठी आणि कोणत्या मार्गाने द्यायचे, हे विचारायची वेळ आली की दोघांचीही जीभ अडखळते. समोरच्याला अविश्वास वाटेल, ही भीती. या संकोचाची किंमत मात्र पुढे रोकड्यात मोजावी लागते.

नागपूरहून पुण्याला बदली होऊन आलेल्या एका जोडप्याने ती मोजली. पहिल्याच रविवारी दलालाने घरे दाखवण्याचे पाचशे रुपये घेतले. चौथे घर दोघांनाही आवडले. मुलीची शाळा जवळ, स्वयंपाकघरात उजेड, खाली भाजीवाला.

"साहेब, दोन पार्ट्या बघून गेल्यात. टोकन टाका, नाहीतर घर हातचं जाईल," दलाल म्हणाला.

नवऱ्याने दहा हजार रुपये रोख काढून दिले. 'पावती द्या' हे शब्द बायकोच्या ओठांवर आले होते, पण नवऱ्याने नजरेनेच तिला थांबवले. चौथ्या दिवशी कळले की मालकाने घर दुसऱ्यालाच दिले आहे. दलाल म्हणाला, "पैसे मालकाकडे पोहोचवले." मालक म्हणाले, "आमच्यापर्यंत एक रुपया आलेला नाही." दोघांपैकी खोटे कोण, हे सिद्ध करणारा चिटोरासुद्धा नव्हता. ते दहा हजार मुलीच्या शाळाप्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

टोकन म्हणजे नेमके काय?

व्यवहारात हा शब्द सर्रास वापरला जातो, पण प्रत्येकाच्या मनातला त्याचा अर्थ निराळा असतो. भाडेकरूला वाटते, घर आपल्यासाठी राखून ठेवले. मालकाला वाटते, बोलणी अजून चालू आहेत. दलालाला वाटते, दलालीची सुरुवात झाली. म्हणून टोकन देण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: ही रक्कम डिपॉझिटमध्ये वळती होणार का, घर किती दिवस राखून ठेवणार आणि व्यवहार फिसकटला तर पैसे कोण, कधी परत करणार. पैसे शक्यतो थेट मालकाच्या खात्यात जावेत. दलाली पुण्या-मुंबईत बहुधा एका महिन्याच्या भाड्याइतकी असते. ती करार झाल्यावर द्यावी आणि घर दाखवण्यासाठी घेतलेले पैसे त्यातून वजा होतील, हे आधीच ठरवून घ्यावे.

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना याचाच एक वेगळा प्रकार ठाऊक असतो. अमेरिकेत अनेक ठिकाणी घरासाठी नुसता अर्ज करायलाही फी पडते आणि घर मिळाले नाही तरी ती सहसा परत येत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली भाडेकरूच्या चौकशीसाठी घ्यायच्या अशा फीवर वीस डॉलरची मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून नव्या भाडेकरूंकडून अशी फी घेण्यावर बंदी आली. म्हणजे गरजवंताच्या घाईवर पैसे काढण्याची रीत जगभर सारखीच!

काकूंची वही

त्या जोडप्याला दुसरे घर मिळाले ते एका निवृत्त शिक्षिकेचे. काकू एकट्या, शेजारच्याच इमारतीत राहणाऱ्या. बोलणे स्पष्ट.

"भाडं पाच तारखेच्या आत, आणि तेही बँकेत. रोख मला चालणार नाही," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले.

त्यालाही कारण होते. आधीचा भाडेकरू कधी रोख देई, कधी निम्मे देई. काकू इस्पितळात असताना दोन महिन्यांचे भाडे त्याने म्हणे त्यांच्या भाच्याकडे दिले होते. भाचा म्हणाला, एकच महिन्याचे दिले. काकूंकडे नोंद नव्हती आणि भांडायचे त्राणही नव्हते. त्या भाड्यावरच त्यांची औषधे आणि मोलकरणीचा पगार चालतो. एका महिन्याचे भाडे बुडाले, आणि भाच्याशी बोलणे तुटले ते वेगळेच.

तेव्हापासून काकूंनी वही घातली. डिपॉझिटचा दिवस, रक्कम, बँकेचा व्यवहार क्रमांक, विजेच्या मीटरचा आकडा, तीन पंखे, एक गिझर, दोन किल्ल्या. सारे लिहून खाली दोघांच्या सह्या. हे पाहून त्या सुनेच्या वयाच्या भाडेकरणीला राग आला नाही, उलट हायसे वाटले. "काकू, मलाही याची एक प्रत द्याल?" तिने विचारले. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, तुझ्यासाठी दुसरं पान आधीच लिहून ठेवलंय."

पेटीतल्या पावत्या

काकूंचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. भाडेपावत्यांचे मोल त्यांना तिथेच कळले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात पावती हा भाडेकरूपणाचा मोठाच पुरावा. रेशनकार्डाशेजारी, पत्र्याच्या पेटीत ती जपली जाई. मालकाने भाडे घ्यायला नकार दिला की त्यांचे वडील मनिऑर्डर करीत. ती 'घेण्यास नकार' या शेऱ्यासह परत आली की तो कागदही पेटीत जाई. मालकाला भाडे चुकवल्याचा आरोप करता येऊ नये, एवढाच हेतू. त्या काळी पागडी कायद्याने गुन्हा होती, तरी ती सर्रास दिली-घेतली जाई आणि तिचा कागद अर्थातच नसे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पुढे तिला मान्यता दिली.

अकरा महिन्यांचे कोडे

याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे तर मालकाला पुरावा द्यावा लागतो.

खर्च ऐकून घाबरण्याचे कारण नाही. महिना वीस हजार भाडे, साठ हजार डिपॉझिट, अकरा महिने असा करार धरू. मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते एकूण भाडे आणि परतीच्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर लागते. ते साधारण सहाशेच्या आसपास येते. नोंदणी फी शहरात एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. हा खर्च कोणी करायचा, तेवढे आधी बोलून घ्यावे.

काही सोसायट्या भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा आकार लावतात. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. डिपॉझिटबाबत केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवलेली आहे, मात्र राज्याने तो स्वीकारला तरच ती लागू होते.

भाडे बँकेतून किंवा यूपीआयने देताना 'अमुक महिन्याचे भाडे' असा उल्लेख करावा. जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सवलत घेणाऱ्यांना पावत्या लागतात आणि वर्षाचे भाडे लाखावर गेले तर मालकाचा पॅन क्रमांकही. रोखीने दिलेली रक्कम पाच हजारांहून अधिक असेल तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावावा.

घर सोडतानाही हीच शिस्त ठेवली तर कटुता येत नाही. एकत्र घर पाहावे, मीटरचा आकडा टिपावा, काही कापायचे असेल तर बिल दाखवून कापावे आणि किल्ली हातात येताच उरलेले डिपॉझिट खात्यात जमा करावे. भाडेकरू आणि मालक यांच्यात गोडवा राहावा असे दोघांनाही वाटते. पैशाचा हिशेब कागदावर चोख असला की सणावारी पुरणपोळीची वाटी एका घरातून दुसऱ्या घरात जायला कसली अडचण राहत नाही.