देवडीवरचा अशरीरी

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतर चार वर्षांनी आमच्या घरी जो मोडेम आला, त्याचा जोडणी होतानाचा किरकिराट इतका कर्कश होता की वडील त्याला ‘तंटा’ म्हणत. आणि तो चालू असेतोवर दूरध्वनी मुका होत असल्यामुळे, मावशीचा फोन न लागल्याचे खापर दर रविवारी त्याच्याच माथी फुटे. पुढे ब्रॉडबँडसोबत आलेली पांढरी पेटी वर्षानुवर्षे गुमान बसून राहिली. तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि तिचा मोठेपणा त्यातच होता.

आज घराच्या नेटच्या देवडीवर पेटीच नाही. कपाटावरच्या लहानशा संगणकात केव्हीएमच्या आश्रयाने जी चार आभासी यंत्रे नांदतात, त्यांतलेच एक आमचा राउटर. प्रथम मी त्याला ई-१००० या जुन्या नेटवर्क कार्डाची नक्कल दिली, तेव्हा गिगाबिटची जोडणी असून निम्माही वेग पदरी पडेना. कारण नकली कार्डाला हात लावताना पाहुण्या प्रणालीला वारंवार हातचे काम टाकून यजमानाच्या दप्तरी रुजू व्हावे लागते, आणि पूर्ण आकाराची म्हटली तरी सेकंदाला सुमारे ८१ हजार पाकिटे सोडायची असल्यावर जुन्या जकात नाक्यासारखी रांग लागणारच. त्यावरचा उपाय व्हर्टआयओ; ते खऱ्या कार्डाचे सोंग आणीत नाही: दोघांच्या सामाईक मेमरीत पाकिटे घाऊक ठेवायची आणि एकदाच हाक द्यायची.

ते लावले त्या रात्री पिंगला चोख उत्तर येई, पण एकही पान उघडेना. “अरे, माझं कीर्तन अर्ध्यावरच अडलंय,” आईने दोनदा आठवण करून दिली. मध्यरात्री उमगले की पाकिटावर ताळ्याचा आकडा घालण्याचे काम कार्डावर सोपवलेले होते, कार्ड तर अस्तित्वातच नव्हते, आणि ताळा नसलेले पाकीट राउटर निमूटपणे टाकून देत होता. चेकसम ऑफलोड बंद करण्याची एक खूण मी करायची विसरलो होतो, इतकेच.

अखेर खरे कार्डच पासथ्रूने त्याच्या स्वाधीन केले. आता सेकंदाला ९४१ मेगाबिट मिळतात, म्हणजे गिगाबिटच्या तारेतून टीसीपीच्या वाट्याला येऊ शकतात तितके सगळे. मात्र यजमान संगणक पुन्हा सुरू केला की सबंध घराचे नेट जाते, आणि दुरुस्तीची माहितीही नेटवरच असते. पांढरी पेटी भंगारात द्यावी असे मी म्हणालो, तेव्हा आईने ती फडक्याने पुसली, वायर गुंडाळली आणि देवघराखालच्या खणात ठेवून दिली.