सहा खाचांची पट्टी

अण्णा गेल्यावर माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढली. जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या बाटल्या निघाल्या. एक निळी, षटकोनी, अंगावर उभे कंगोरे असलेली. विषारी औषधं अशा बाटलीत ठेवत, म्हणजे अंधारात हात चुकला तरी बोटांना कळावं. बाकीच्या चपट्या, फिकट हिरवट, काचेत बुडबुडे अडकलेल्या. त्यांतल्या एकीच्या पाठीवर खळीचा पांढुरका पट्टा होता, बोटभर रुंद, तळापासून खांद्यापर्यंत. कागद कधीच गळून गेला होता. मी त्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला आणि कराडचा तो दवाखाना डोळ्यांपुढे उभा राहिला.

अण्णा तिथे कंपाउंडर होते. डॉक्टर आतल्या खोलीत, अण्णा जाळीच्या खिडकीमागे. खिडकीबाहेर रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात घरून आणलेली बाटली.

"अण्णा, पोराच्या पोटात लई कळ मारतीया."

"बघू बाटली."

ते ती उजेडाकडे धरायचे. आत तेलाचा ओशटपणा दिसला की परत पाठवायचे. "गरम पाण्यानं धुऊन आण. आणि बूच आण, कागदाचा बोळा चालायचा नाही." बाई मुकाट्याने नळावर जायची. रागावणारं माणूस आपल्याच पोरासाठी रागावतंय, हे तिला कळत असायचं.

पोटाचं औषध गुलाबी. कार्मिनेटिव्ह मिक्श्चर. त्यात खाण्याचा सोडा, पेपरमिंटचं पाणी, थोडं स्पिरिट क्लोरोफॉर्म, आणि ज्याच्यामुळे त्याला तो रंग आणि वास यायचा ते वेलदोड्याचं टिंक्चर. काचेच्या घट्ट बुचाची मोठी बरणी उघडली की दवाखानाभर सणाचा वास सुटायचा. त्या टिंक्चरात वेलदोडा, शहाजिरं, दालचिनी; आणि लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांचा. अण्णांनी एकदा हे घरी सांगितलं तेव्हा आई हातातलं काम थांबवून म्हणाली, "किडे सोडले तर सगळं माझ्याच डब्यातलं की हो!" खरंच होतं ते. वेलदोडा मलबारच्या डोंगरातला. तो साता समुद्रापलीकडे जाऊन लॅटिन नाव घेऊन परत आला आणि अण्णांच्या फडताळात बसला.

आईचा दवाखाना म्हणजे सहाण. हिरडा, मुरडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ, ज्येष्ठमध हे सगळं एका फडक्यात बांधलेलं. धाकटा पाय पोटाशी घेऊन रडायला लागला की ती अंगावरच्या दुधात गुटी उगाळायची. मुरडशेंग मी तेव्हा तासन् तास बघायचो. दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली शेंग. पोटात मुरडा येतो तो दिसायला असाच असेल, असं मला वाटायचं. आई पुटपुटत मोजायची. हिरड्याचे इतके वेढे, शेंगेचे इतके, वेखंडाचा अगदी अर्धाच. पोर दोन महिन्यांचं की सहा महिन्यांचं, आज शी झाली का, कशी झाली, यावर वेढे कमीजास्त व्हायचे. ते माप कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिच्या मनगटात होतं.

अण्णांचं माप कागदात होतं. सहा औंसांची बाटली, औंसाचा एक डोस, दोन दिवसांचं औषध. बाटलीच्या उंचीची पट्टी कापायची, तिच्या सहा सारख्या घड्या घालायच्या आणि कात्रीने घडीचा कोपरा उडवायचा. पट्टी उलगडली की खाचा आपोआप सारख्या अंतरावर. मग बोटाने खळ लावून ती बाटलीच्या पाठीवर चिकटवायची. जाता जाता सांगायचं, "हलवून घे हं. एका खाचेपर्यंत, सकाळ-दुपार-संध्याकाळ." ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही ती पट्टी वाचता यायची. कंदिलाच्या उजेडात आजारी माणूस बाटली वर धरून पाहायचा: किती संपलं, किती उरलं. आमच्या भागात तो कंदीलही बहुधा ओगलेवाडीचाच असायचा, प्रभाकर छापाचा, 1916 साली ओगले बंधूंनी उभारलेल्या काच कारखान्याचा. तो कारखानाही आता बंद आहे. कराडचं स्टेशन ओगलेवाडीतच, त्यामुळे तिथे गाडी थांबते तेव्हा धुराड्याची आठवण येते.

गुलाबी बाटलीची ताकद कुठे संपते, हेही अण्णांना पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात उलट्या-जुलाबांची साथ आली की पोरं डोळे खोल गेलेली, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहणारी अशी यायची. त्यांना वेलदोड्याने काही होत नाही. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपांतून लोकांना पाजलं, आणि शंभरात तीस दगावायचे तिथे चारसुद्धा दगावले नाहीत. ही हकीकत अण्णांना पुढे डॉक्टरांकडून कळली. त्यानंतर रांगेतल्या प्रत्येक आईला ते थांबवून सांगू लागले. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, साखरेचे सहा सपाट चमचे, मिठाचा अर्धा. दोनदा म्हणवून घ्यायचे तिच्याकडून. या औषधाला बाटली लागत नव्हती, पट्टी लागत नव्हती, कंपाउंडरही लागत नव्हता. तरी ते सांगताना त्यांच्या तोंडावर जो आनंद असायचा तो मी दुसऱ्या कशाने आलेला पाहिला नाही.

पुढे चकाकत्या पाकिटांतल्या गोळ्या आल्या, जाळीची खिडकी काढली, तिथे काउंटर झाला. खळीचं भांडं कुठे गेलं कोणास ठाऊक.

शेवटचे आठ दिवस अण्णा हॉस्पिटलमध्ये होते. आम्हाला ओळखत नव्हते. एका दुपारी त्यांनी उशाशी पडलेल्या वर्तमानपत्राची कड फाडून घेतली. मांडीवर ठेवून तिला घड्या घालू लागले. बोटं कापत होती, पण घडीवर घडी बरोबर बसत होती. कात्री नव्हती, नखाने कोपरा खुडला. पट्टी उलगडून त्यांनी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर लावून पाहिली, तर ती घसरली. पुन्हा लावली.

मी बाटली दोन्ही हातांनी धरली. त्यांनी पट्टीवर अंगठा दाबला आणि खळ वाळायची वाट बघत बसले. मी खाचा मोजल्या. सहा होत्या.