सही कोणाची, पगार किती

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली मला हमखास विचारतात, "मॅडम, पगार कशात जास्त? आयसीयूत, ओटीत की डायलिसिसला?" बुलढाणा जिल्ह्यात राहून नोकरी करायची असेल, तर मी त्यांना आधी नेमणुकीचा आदेश वाचायला शिकवते. सरकारी रुग्णालयांत उमेदीची वर्षे घालवल्यावर माझी खात्री झाली आहे की आपल्याकडे नर्सचा पगार ठरतो तो आदेशावर सही कोणाची आहे यावरून. ती कोणता रुग्ण सांभाळते, हे त्यात फारसे धरलेच जात नाही.

जिल्हा रुग्णालयातली कायम अधिपरिचारिका सातव्या वेतन आयोगाप्रमाणे 35,400 रुपये मूळ वेतनावर लागते. वर महागाई भत्ता, घरभाडे. तिच्याच वॉर्डात, तिच्याच पाळीत राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी जीएनएम नर्स साधारण 20,000 रुपये मानधनावर उभी असते. शिक्षण तेच, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तीच, ड्युटी रजिस्टरात नावेही एकाखाली एक. उपकेंद्रावरची आरोग्यसेविका कायम असेल तर 25,500 पासून सुरुवात, कंत्राटी असेल तर 18,000 च्या आसपास. आणि इथलीच एखादी मुलगी नागपूरच्या एम्समध्ये निवडली गेली, तर केंद्राच्या वेतनश्रेणीत तिचे मूळ वेतनच 44,900 पासून सुरू होते. शिवाय दरमहा नर्सिंग भत्ता, जो सातव्या आयोगानंतर 2017 मध्ये 7,200 रुपये होता. तोच विदर्भ, तीच पदवी.

गावाप्रमाणे फरक पडतो तो घरभाड्यात. आयोग लागू झाला तेव्हाचा दर मुंबई-पुण्याला 24 टक्के, अमरावतीला 16 आणि आपल्या जिल्ह्याला 8. म्हणजे 35,400 वर तिकडे 8,496 रुपये, इथे 2,832. मुंबईतली भाडी पाहता यात अन्याय आहे असे मी म्हणणार नाही. पण संग्रामपूर किंवा जळगाव जामोदला नेमणूक मिळालेली सिस्टर मुलांच्या शिक्षणासाठी खामगावला खोली घेते. तिच्या दोन चुली होतात आणि भत्ता एकाच गावाचा मिळतो.

मग आयसीयू-ओटीसारख्या विशेष कामाचे मोल सरकार किती करते? केंद्राच्या रुग्णालयांत ओटी आणि आयसीयूतल्या नर्सला त्यासाठी वेगळा भत्ता आहे, सातव्या आयोगानंतर 2017 मध्ये तो महिन्याला 540 रुपये होता. राज्यात मनोरुग्ण, बालरुग्ण परिचारिका अशी मोजकी वेगळी पदे आहेत. बाकी अधिपरिचारिका कुठल्याही वॉर्डात असो, श्रेणी एकच.

हे का सलते, ते नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात, आमच्या बोलण्यातल्या एसएनसीयूत, एक रात्र काढली की कळते. इथे 1,800 ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे येतात. केसाएवढ्या शिरेत सुई लावायची. नळीने दूध देताना पोट फुगतेय का ते बघायचे. कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो आणि जास्त झाला तर डोळ्यांचा पडदा खराब होतो. म्हणून मॉनिटरवरचा आकडा 90 ते 95 च्या दरम्यान धरून ठेवायचा, रात्रभर. बाळ श्वास घ्यायचे विसरते तेव्हा तळपायाला टिचकी मारून त्याला जागे करणारा हात नर्सचाच असतो. हा हात तयार व्हायला वर्ष-दोन वर्षे लागतात. मग बदलीच्या यादीत तिचे नाव येते आणि ती सर्जिकल वॉर्डात जाते, कारण तिचे पद त्या कौशल्याशी बांधलेलेच नसते. कंत्राटी असेल तर ती छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याच्या मोठ्या खाजगी रुग्णालयाची वाट धरते. तिथे मुलाखतीत पहिला प्रश्न असतो, व्हेंटिलेटर हाताळला आहे का? त्या अनुभवाचे तिथे पैसे मिळतात. तिला मी कधीच अडवत नाही. पण तिला घडवण्याचा खर्च या जिल्ह्याने केलेला असतो, आणि मोताळ्याच्या मजुरीवर जाणाऱ्या आईचे बाळ पुन्हा नवख्या हातात येते.

जिल्ह्यातल्या खाजगी दवाखान्यांची स्थिती याहून वाईट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 च्या जानेवारीत सांगितल्यावरून केंद्राने समिती नेमली. समितीने खाटांवरून पगार सुचवले: 200 हून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतका, 100 हून अधिक असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 ला फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान 20,000. चिखली, मेहकर, मलकापूरची बहुतेक नर्सिंग होम या शेवटच्या ओळीत बसतात. तिथे आजही 20,000 चा आकडा न पाहिलेल्या मुली मला भेटतात. केरळमध्ये नर्सेस रस्त्यावर उतरल्या आणि 2018 मध्ये खाजगी रुग्णालयांसाठी 20,000 चे किमान वेतन अधिसूचनेत आले. आपल्याकडे समितीचा आकडा शिफारस म्हणूनच राहिला.

2024 मध्ये बुलढाण्यात 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अतिदक्षता विभाग वाढणार, तसे अनुभवी नर्सेसही लागणार. एसएनसीयू, डायलिसिस आणि आयसीयूची पदे आतापासूनच त्या-त्या विभागाच्या नावाने मंजूर करावीत, एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केलेल्यांना त्यांवर वेतनवाढ देऊन नेमावे, अशी माझी मागणी आहे. खाजगीसाठी नवा कायदाही नको. 1949 च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणीचे नूतनीकरण करावेच लागते. त्या अर्जासोबत प्रत्येक नर्सच्या पगाराचे बँकेतले पुरावे मागावेत, आणि 20,000 च्या खाली कोणी आढळली तर नूतनीकरण रोखावे.