एडविन लँड : ध्रुवीकरण पटलापासून झटपट छायाचित्रापर्यंत

एडविन हर्बर्ट लँड यांचा जन्म ७ मे १९०९ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट येथे झाला. त्यांचे आजी-आजोबा रशियन साम्राज्यातल्या ओडेसा भागातून अमेरिकेत आलेले ज्यू निर्वासित. वडील हॅरी लँड यांचा भंगार धातूंचा व्यवसाय होता, आणि त्याच्या जोडीला जमीन-घरांची खरेदी-विक्री. एडविन लहान असतानाच कुटुंब नॉर्विच या गावी राहायला गेले. बहिणीला त्याचे नाव नीट उच्चारता येत नसे, त्यामुळे त्याचा ‘डिन’ झाला आणि जवळच्या माणसांसाठी ते नाव जन्मभर टिकले.

शाळकरी वयात एडविनच्या हाती रॉबर्ट वूड यांचे ‘फिजिकल ऑप्टिक्स’ हे प्रकाशशास्त्राचे पुस्तक आले. ते महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही जड जाणारे होते, तरी एडविनने त्याची पारायणे केली. त्याच सुमारास मूवीन नावाच्या उन्हाळी शिबिरात त्याने एक प्रयोग पाहिला. टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर उजेड पडून डोळे दिपत होते. शिबिरप्रमुखाने निकोल प्रिझम डोळ्यांसमोर धरायला दिला, तशी झळाळी नाहीशी झाली आणि खालच्या लाकडाचा पोत स्पष्ट दिसू लागला. एडविनच्या पुढच्या वीस वर्षांच्या कामाचा विषय इथे ठरला : प्रकाशाचे ध्रुवीकरण.

प्रकाशलहरीतील कंप तिच्या प्रवासाच्या दिशेशी काटकोन करून होतात. सूर्याच्या किंवा दिव्याच्या साध्या उजेडात हे कंप वर-खाली, आडवे, तिरपे असे सर्व दिशांनी असतात. त्यांपैकी एकाच दिशेचे कंप शिल्लक राहिले की तो प्रकाश ध्रुवीकृत झाला असे म्हणतात. खिडकीच्या उभ्या गजांमधून ओवलेली दोरी वर-खाली हलवली तर लाट पलीकडे पोचते, आडवी हलवली तर गजांपाशी अडते. ध्रुवीकरण करणारा पदार्थ, म्हणजे पोलरायझर, प्रकाशाच्या बाबतीत असेच काम करतो. दोन पोलरायझर एकाच दिशेने धरले तर उजेड आरपार जातो आणि एक दुसऱ्याशी काटकोनात फिरवला तर अंधार होतो. पाणी, रस्ता, टेबल अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात आडवे कंप अधिक असतात. ते रोखले की झळाळी जाते.

हे ज्ञान जुनेच होते. १६६९ मध्ये डेन्मार्कच्या रास्मुस बार्थोलिन यांनी आइसलँड स्पार या पारदर्शक कॅल्साइटमधून पाहिले असता प्रत्येक वस्तू दोनदा दिसते हे नोंदवले होते. १८०८ मध्ये फ्रान्सच्या एतिएन मालुस यांना परावर्तित प्रकाशही ध्रुवीकृत असतो हे आढळले. १८२८ मध्ये एडिंबराच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून आपला प्रिझम तयार केला. पुढची शंभर वर्षे प्रयोगशाळांमध्ये हाच प्रिझम चालला. त्याची अडचण आकाराची होती. निर्दोष कॅल्साइट दुर्मीळ, महाग आणि लहान. सूक्ष्मदर्शकाला तो पुरे, पण रोजच्या वापरातल्या कोणत्याही मोठ्या वस्तूला त्याचा उपयोग नव्हता.

१९२६ मध्ये सतरा वर्षांचे लँड हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि काही महिन्यांतच ते सोडून न्यूयॉर्कला गेले. ब्रॉडवेच्या रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या मोटारींचे दिवे डोळ्यांवर येत होते. अमेरिकेत मोटारी झपाट्याने वाढत होत्या, आणि दिपून गेलेल्या चालकांमुळे रात्रीचे अपघातही वाढत होते. लँड यांनी यावर एक योजना आखली. प्रत्येक गाडीच्या दिव्यांवर आणि चालकापुढच्या काचेवर ४५ अंशांत तिरपे, एकाच दिशेचे पोलरायझर बसवायचे. दोन गाड्या समोरासमोर आल्या की त्यांच्या तिरक्या दिशा एकमेकींशी काटकोनात येतात. त्यामुळे समोरच्या गाडीचा झोत काचेवर अडतो, तर स्वतःच्या दिव्याचा रस्त्यावरून परत आलेला उजेड बराचसा दिसत राहतो. योजना निर्दोष होती, पण तिच्यासाठी तळहातापेक्षा मोठा, पातळ आणि स्वस्त पोलरायझर हवा होता. असा पोलरायझर जगात नव्हता.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात लँड यांनी या विषयावरचे जुने साहित्य वाचून काढले. त्यात त्यांना ब्रिस्टलचे डॉक्टर विल्यम बर्ड हेरापाथ यांचे १८५२ चे संशोधन सापडले. हेरापाथ यांच्या शिष्याने क्विनीन दिलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडीन टाकले, तेव्हा चमकदार हिरवे स्फटिक तयार झाले. हे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांवर आडवे-उभे पडले की छेदाची जागा काळी दिसे, म्हणजे ते प्रकाशाचे ध्रुवीकरण करत होते. त्यांची जाडीही अगदी कमी होती. हेरापाथ यांनी मोठे स्फटिक वाढवण्याचा अनेक वर्षे प्रयत्न केला, पण त्यांच्याच नावावरून ‘हेरापाथाइट’ म्हटले जाणारे हे स्फटिक अतिशय ठिसूळ निघाले. शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांना ते कॅलिडोस्कोपसाठी हवे होते, त्यांनाही ते पुरेसे मोठे मिळाले नाही. पुढे हा विषय मागे पडला.

लँड यांनी इथे प्रश्नाचीच मांडणी बदलली, आणि त्यांचे सगळे कर्तृत्व या एका निर्णयातून उगवले आहे. एक मोठा स्फटिक मिळत नसेल, तर कोट्यवधी अतिसूक्ष्म स्फटिक एकाच दिशेने मांडले तर? अशी मांडणी जमली तर त्यांचा समुदाय एकाच विशाल स्फटिकासारखा वागेल. त्यासाठी तीन अटी पाळणे आवश्यक होते. स्फटिक प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही बारीक हवेत, नाहीतर उजेड विखरून पटल दुधाळ दिसेल. ते एखाद्या पारदर्शक माध्यमात सारखे पसरले पाहिजेत. आणि सर्वांच्या सुया एकमेकींना समांतर राहिल्या पाहिजेत.

लँड यांनी हेरापाथाइटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक बनवले, ते घरंगळत्या गोळ्यांच्या चक्कीत दीर्घकाळ दळले आणि नायट्रोसेल्युलोजच्या दाट लॅकरमध्ये मिसळले. सुया एका दिशेला वळवण्यासाठी त्यांना प्रबळ चुंबक हवा होता. तो कोलंबिया विद्यापीठात होता, आणि विद्यापीठाशी काही संबंध नसलेले लँड रात्री तिथे जाऊन काम करत. मिश्रणाची कुपी चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवून क्षेत्र सुरू केल्यावर सुया वळल्या आणि कुपीतून जाणारा प्रकाश ध्रुवीकृत झाला. मग प्लॅस्टिकचे पातळ पटल त्या मिश्रणात बुडवून चुंबकीय क्षेत्रातच वाळवले, तेव्हा जगातला पहिला कृत्रिम पटल-पोलरायझर तयार झाला. पुढे चुंबकाचीही गरज उरली नाही. दाट मिश्रण अरुंद फटीतून दाबून बाहेर काढले की प्रवाहाच्या ओढीनेच सुया समांतर होतात, हे लक्षात आल्यावर लांबच्या लांब पटले बनवणे शक्य झाले. या प्रकाराला पुढे ‘जे-शीट’ म्हणू लागले.

२६ एप्रिल १९२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, लँड यांनी सहकारी जोसेफ फ्रीडमन यांच्यासह पेटंटसाठी अर्ज केला. ते १९३३ मध्ये मंजूर झाले. १९२९ मध्येच त्यांचा टेरे मेसलेन यांच्याशी विवाह झाला. सुरुवातीच्या प्रयोगांत टेरे यांचा प्रत्यक्ष हातभार होता. त्याच वर्षी लँड हार्वर्डला परतले. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर लायमन यांनी या पदवीपूर्व विद्यार्थ्याला स्वतंत्र प्रयोगशाळा दिली, आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये लँड यांनी भौतिकशास्त्र विभागाच्या परिसंवादात आपले पटल सादर केले. पदवी मात्र त्यांनी पूर्ण केली नाही. पुढे त्यांच्या नावामागे लागलेले ‘डॉक्टर’ मानद पदव्यांमुळे आले.

१९३२ मध्ये, महामंदी टोकाला पोचली असताना, लँड आणि हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक जॉर्ज व्हीलराइट यांनी भागीदारीत ‘लँड-व्हीलराइट लॅबोरेटरीज’ सुरू केली. पहिले मोठे गिऱ्हाईक १९३४ मध्ये मिळाले. कोडॅक कंपनीने कॅमेऱ्याच्या भिंगावर बसवण्याच्या ध्रुवीकरण चकत्यांसाठी १०,००० डॉलरची मागणी नोंदवली. त्या दर्जाच्या चकत्या सातत्याने कशा बनवायच्या हे भागीदारांना अजून पुरते साधले नव्हते, आणि ही मागणी पुरवण्याच्या ओघातच त्यांचे उत्पादनतंत्र बसले. पाठोपाठ अमेरिकन ऑप्टिकल या चष्म्यांच्या कंपनीची पाळी आली. तिच्या प्रतिनिधीला लँड यांनी हॉटेलच्या खोलीत बोलावले आणि खिडकीपाशी उन्हात मासे असलेले काचेचे भांडे ठेवले. पाण्यावरच्या झळाळीत मासे दिसेनात. मग डोळ्यांसमोर पटल धरले, आणि मासे दिसले. गॉगलचा करार झाला. व्यवसायातही लँड यांची पद्धत प्रयोगशाळेतलीच होती : दावा सांगण्याऐवजी तो डोळ्यांपुढे सिद्ध करायचा.

स्मिथ महिला महाविद्यालयातील कलेचे प्राध्यापक क्लॅरेन्स केनेडी यांनी या पटलाला ‘पोलरॉइड’ हे नाव सुचवले. शिल्पांची छायाचित्रे काढताना त्यांना अशा पटलाची गरज भासे. १९३७ मध्ये वॉल स्ट्रीटवरच्या गुंतवणूकदारांच्या भांडवलावर ‘पोलरॉइड कॉर्पोरेशन’ स्थापन झाले. गुंतवणूकदारांनी २८ वर्षांच्या या संशोधकाकडे दहा वर्षांसाठी कंपनीचे नियंत्रण सोपवले. त्यांना मुख्यतः मोटारींच्या दिव्यांची बाजारपेठ खुणावत होती. दरम्यान पटलाला इतर उपयोग मिळत गेले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात क्रायस्लर कंपनीने मोटार आपोआप जुळत जाताना दाखवणारा त्रिमितीय चित्रपट ठेवला. तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांवर पोलरॉइडचे चष्मे होते.

१९३८ मध्ये लँड यांनी स्वतःच्या पहिल्या शोधाला मागे टाकले. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हे प्लॅस्टिक तापवून ताणले की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या एका दिशेने सरळ होतात. नंतर त्यात आयोडीन मुरवले की तेही त्याच रेषांत बसते. दळलेले स्फटिक नाहीत, चुंबक नाही आणि क्विनीनही नाही. रेणूच सुयांचे काम करतात. या ‘एच-शीट’मध्ये प्रकाशाचे विखुरणे जवळजवळ नव्हते आणि तिचे उत्पादनही सोपे होते.

मोटारींच्या दिव्यांची योजना मात्र कधीच अमलात आली नाही. पोलरायझर निम्म्याहून अधिक उजेड गिळतो, म्हणून दिवे बरेच प्रखर करावे लागले असते. दिव्याच्या उष्णतेने पटल खराब होण्याची अडचण सोडवायला वर्षे लागली. खरी अडचण याहून मोठी होती. ही व्यवस्था सर्व गाड्यांवर असेल तरच उपयोगाची होती. ती विकत घेणाऱ्या पहिल्या माणसाला तिच्यापासून काहीच लाभ नव्हता, आणि रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांना ती बसवणे अवघड होते. १९४७ मध्ये मोटार-उत्पादकांनी तिला अखेरचा नकार दिला. एखादे तंत्रज्ञान बिनचूक असूनही ते स्वीकारण्याची वाट बंद असू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

दुसऱ्या महायुद्धात कंपनीने सैन्यासाठी निरनिराळे गॉगल, दुर्बिणींसाठी चकत्या आणि हवाई टेहळणीसाठी ‘व्हेक्टोग्राफ’ ही त्रिमितीय चित्रपद्धती तयार केली. क्विनीनच्या टंचाईतून एक मोठे रसायनशास्त्रीय कामही घडले. कंपनीचे सल्लागार रॉबर्ट वुडवर्ड आणि त्यांचे सहकारी विल्यम डोअरिंग यांनी १९४४ मध्ये क्विनीनच्या कृत्रिम संश्लेषणाची घोषणा केली, आणि त्या संशोधनाला पोलरॉइडचा पैसा होता. पण युद्ध संपताच सरकारी मागणी आटणार, हे उघड होते. कंपनीला नवे उत्पादन हवे होते.

त्याचे बीज १९४३ च्या अखेरीस पडले. लँड कुटुंब न्यू मेक्सिकोतील सांता फे येथे सुट्टीवर होते. काढलेला फोटो लगेच का दिसत नाही, असे तीन वर्षांच्या जेनिफरने वडिलांना विचारले. लँड गावात फिरायला निघाले आणि तासाभरात कॅमेरा, फिल्म आणि रसायने यांची रूपरेषा त्यांच्या मनात तयार झाली. कंपनीचे पेटंट-वकील डोनाल्ड ब्राउन योगायोगाने सांता फेमध्येच होते. लँड यांनी त्यांना ती लगोलग सांगितली.

या प्रक्रियेचे मर्म असे : छायाचित्राच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. एरवी उजेड पडलेल्या कणांचे प्रतिमेत रूपांतर करून उजेड न पडलेले कण धुऊन टाकतात. लँड यांनी हे टाकाऊ कणच कामाला लावले. निगेटिव्ह आणि कोरा कागद एकत्र दोन रुळांमधून ओढले की मधली रसायनाची चिमुकली पिशवी फुटते आणि दाट द्रव दोन्हींमध्ये सारखा पसरतो. उजेड पडलेले कण निगेटिव्हवरच चांदी होऊन अडकतात. उजेड न पडलेले कण विरघळून समोरच्या कागदाकडे सरकतात आणि तिथे चांदीच्या रूपात स्थिरावतात. निगेटिव्हवर जे उजळ ते कागदावर गडद, त्यामुळे कागदावर थेट खरे चित्र उमटते. हे सारे सुमारे ६० सेकंदांत आणि अंधाऱ्या खोलीशिवाय घडते. कल्पना एका फेरफटक्यात सुचली असली तरी ती प्रत्यक्षात आणायला सहकाऱ्यांसह काही वर्षे खपावे लागले. क्लॅरेन्स केनेडी यांची विद्यार्थिनी मेरोई मोर्स कलेच्या अभ्यासातून या कामात आल्या आणि पुढे कृष्णधवल फिल्मच्या संशोधनाच्या प्रमुख झाल्या.

२१ फेब्रुवारी १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ऑप्टिकल सोसायटी ऑफ अमेरिकेच्या बैठकीत लँड यांनी स्वतःचा फोटो काढवून घेतला आणि मिनिटभराने कागद सोलून तो सर्वांना दाखवला. २६ नोव्हेंबर १९४८ रोजी बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात ‘मॉडेल ९५’ हा कॅमेरा ८९.७५ डॉलरला विक्रीस आला. पन्नासहून अधिक कॅमेऱ्यांचा तिथला साठा पहिल्याच दिवशी संपला. लँड तेव्हा ३९ वर्षांचे होते. पुढे १९६३ मध्ये रंगीत फिल्म आणि १९७२ मध्ये एसएक्स-७० कॅमेरा आला. त्यांच्या नावावर ५३५ अमेरिकी पेटंटे जमा झाली. १ मार्च १९९१ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे त्यांचे निधन झाले.

झटपट छायाचित्रणाची जागा पुढे डिजिटल कॅमेऱ्यांनी घेतली, पण ध्रुवीकरण पटलाचा वापर वाढतच गेला. घड्याळ, गणनयंत्र, संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांच्या एलसीडी पडद्यांत द्रव-स्फटिकाच्या थराच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर असतो. त्यांच्याशिवाय पडद्यावर चित्र दिसत नाही. ही पटले प्रामुख्याने पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ताणून आणि त्यात आयोडीन मुरवून, म्हणजे १९३८ च्या एच-शीटच्याच तत्त्वावर, बनवली जातात.