आमच्या घरातले आजोबा

आमच्या घरात एक आजोबा आहेत. वय वर्षे सात. समोरचे दोन दात पडले आहेत, आणि आजोबा म्हणवून घ्यायला तेवढा पुरावा पुरे, असं त्यांच्या सवंगड्यांचं म्हणणं. पेठला आमच्या आळीत चिरंजीवांना हेच नाव पडलं आहे.

शाळेतून आला की दप्तर खुंटीला, चपला भिंतीशी जोडीनं, हातपाय धुऊन देवाला नमस्कार. पाहुणे आले तर तांब्या-भांडं पुढे ठेवून म्हणणार, "बसा, बाबा येतीलच इतक्यात." कुणी खाऊ आणला तर, "कशाला उगीच खर्च केलात?" हे वाक्य माझ्या आईचं. यापलीकडे दिवसभरात चार शब्द बोलला तर शपथ!

दुसऱ्या एखाद्या घरी याचं कौतुक झालं असतं. पण मी पडलो मास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. ज्याचं पोट शब्दांवर चालतं, त्याच्या पोटी हे मौनव्रत! शेजारच्या जुन्नर तालुक्यात आळे गावी, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. दर्शनाला गेलो तेव्हा मनात आलं, माउली, रेडा बोलता केलात, आता आमच्या मुलाचंही बघा. बाहेर आल्यावर हे गमतीनं हिला सांगितलं. ही हसली नाही.

गेल्या वर्षीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी हट्टानं त्याचं नाव कवितेसाठी घातलं. महिनाभर तो एवढंच म्हणे, "बाबा, मी पडदा ओढू का? पडदा ओढणारा पण लागतोच ना?" मी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी तो रंगमंचावर आला, सभेला नमस्कार केला आणि गप्प उभा राहिला. मागच्या बाजूला कुणीतरी खुसखुसलं. माझा तोल गेला. विंगेतून मी ओरडलो, "बोल की! तोंड शिवलंय का?" ध्वनिक्षेपकानं ते साऱ्या मांडवाला ऐकवलं. त्यानं पुन्हा एकदा नमस्कार केला आणि सावकाश खाली उतरला.

घरी जाताना माझं बोट धरून त्यानं विचारलं, "बाबा, तुमची फजिती झाली का?"

मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर मात्र तो माझ्याशी काही बोलायच्या आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहून घेऊ लागला. मांजर दूध प्यायच्या आधी घरात कोण आहे ते पाहतं, तसा.

पेठ हे सातगाव पठारावरचं गाव. पावसावर लावलेला बटाटा इकडे दिवाळीच्या सुमारास निघतो. यंदा सुट्टी नुकतीच लागली होती आणि सारी मंडळी काढणीवर होती. रिकाम्या गोण्या न्यायला मी भरदुपारी घरी आलो, तर ओसरीवरून आवाज आला. चिरंजीवांचा!

माझ्या आईला दोन वर्षांपासून कमी ऐकू येतं. आम्ही मोठ्यानं ओरडतो. जितकं ओरडावं तितकी ती गोंधळते. अलीकडे तिनं विचारणंच सोडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे आम्हाला जरा बरंच वाटत होतं. हा तिच्या गुडघ्याला गुडघा लावून, तोंडावर उजेड पडेल असा बसला होता. एकेक शब्द सुटा म्हणायचा आणि थांबायचा. तिनं मान डोलावली की पुढचा. नाही डोलावली तर पुन्हा तोच. कविता तीच, संमेलनातली. एक अक्षर चुकलं नाही.

संपल्यावर आईनं विचारलं, "मग त्या दिवशी सभेत का नाही रे म्हटलीस?"

"तिथं सगळी लांबची माणसं होती गं, आजी. कुणाला ऐकू येतंय तेच कळेना."

गोण्या घ्यायच्या विसरून मी तसाच दाराआड उभा राहिलो.

ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसोरी पद्धत आपल्या मातीत रुजवली आणि १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, हे मास्तरकीचं शिक्षण घेताना मी वाचलं होतं. त्या पद्धतीत मौनाचा एक खेळ आहे. मुलं अगदी निश्चल बसतात. बाई दुरून हलक्या आवाजात एकेकाचं नाव घेतात. ज्याला आपलं नाव ऐकू येईल, त्यानं पाऊल न वाजवता उठून त्यांच्यापाशी जायचं. यावर परीक्षेत मी चांगले गुण मिळवले होते. पण मुलाला हाक कशी घालावी, ते माझ्या घरात एका सात वर्षांच्या आजोबांना ठाऊक होतं, मला नाही.

काल तो अंगणात किल्ला करीत होता. आमच्याकडचा प्रत्येक किल्ला शिवनेरीच असतो. पोरांनी मावळे, तोफा मांडल्या होत्या. हा माझ्याकडे आला, चेहरा पाहून घेतला आणि म्हणाला, "बाबा, एवढी माणसं वर ठेवलीत, पण ती पाणी कुठलं प्यायची?"

मी खाली बसलो. गुडघ्याला गुडघा लावून शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांविषयी सांगितलं. खडकात खोदलेली, थंडगार पाण्याची. सावकाश, थांबत थांबत. त्यानं मान डोलावली.

"बरं झालं सांगितलंत," तो म्हणाला. आणि मग तो बोलू लागला. टाकी कुठं करायची, पहारेकऱ्याला रात्री भूक लागली तर काय, आजीला गड चढता येईल का...

हिनं दोनदा जेवायला हाक मारली म्हणे. मला ऐकूच आली नाही.