अब्बांचं सोलापूर

परगावी राहणाऱ्या मुलीकडे आईवडील पाहुणे म्हणून येतात असं आपण म्हणतो. खरं तर ते तपासायला येतात. अम्मी-अब्बा जानेवारीत इचलकरंजीहून आले, तेव्हा तपासण्यासारखं बरंच होतं. नोकरीसाठी सोलापुरात येऊन आम्हाला तीन वर्षं झाली होती आणि आता इथंच फ्लॅट घ्यायचं चाललं होतं. भाड्यानं राहणं म्हणजे तात्पुरतं, विकत घेतलं की पोरगी कायमची लांब गेली, हा अम्मीचा हिशेब. शिवाय भाड्याचं घर शोधताना काय काय झालं, ते तिला ठाऊक होतं. नाव सांगेपर्यंत घर रिकामं असायचं. नाव सांगितलं की मालकाचा पुतण्या राहायला आलेला असायचा. वाचकांपैकी अनेकांना हे पुतणे माहीत असतील.

त्यामुळे शहर दाखवायचा बेत मी वकिलासारखा आखला. पहिल्याच दिवशी रिक्षा केली ती चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांकडे. तारीखही १२ जानेवारी होती, पुतळ्यांना ताजे हार होते. मी सांगायला सुरुवात केली. मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, गोळीबार झाला, ९ ते ११ मे असे तीन दिवस शहरात इंग्रजांची सत्ताच चालली नाही. मग १२ तारखेपासून मार्शल लॉ. दोन पोलिसांच्या खुनाचा खटला भरून १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. त्यातले हे अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. गिरणी कामगारांत काम करायचे, ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवायचे.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाकीचे तिघं कोण?”

मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, मी सांगितलं.

“फाशी एकत्रच दिली ना? मग तू एकाचंच का सांगतीस?”

प्रश्न बरोबर होता. पण उत्तरही माझ्याकडे होतं. शिंदे किंवा सारडा आडनावाच्या माणसानं फोनवर नाव सांगितलं तर पलीकडचा आवाज बदलत नाही. त्यांना गावात राहायला पुतळा दाखवावा लागत नाही. हे त्या चौकात, हार-फुलांच्या गर्दीत बोलावंसं वाटलं नाही. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० मध्ये याच शहरात झालं, फकरुद्दीन बेन्नूर सर इथलेच, हेही मी पुढं सांगणार होते. ते राहिलं. अब्बा तोवर रिक्षात जाऊन बसले होते.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठून भुईकोट किल्ला दाखवला. बहामनी काळातला आहे म्हटल्यावर अम्मीनं फक्त “मोठा आहे” एवढंच प्रमाणपत्र दिलं. गड्ड्याला मात्र ती रमली. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धरामेश्वरांची यात्रा असते आणि होम मैदानावर पाळणे, खेळणी, खाऊची दुकानं लागतात. “आपण जायचं का तिथं?” असं घरातून निघताना तिनं दबक्या आवाजात विचारलं होतं. तिथं पोचल्यावर बुरख्यातल्या बायका, इरकलीतल्या बायका, कन्नड-तेलुगू-मराठी-दखनीत भाव करणारी गर्दी पाहिली आणि तिनं दोन झारे घेतले, घासाघीस करून. (ते झारे माझ्याकडे राहिले. एक वाकडा आहे.)

अब्बांनी मागितलेली जागा एकच होती: माग. ते इचलकरंजीत तीसेक वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. मशीन दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे त्यांना गाव कानानं कळतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओळखीनं एका चादरीच्या कारखान्यात गेलो. सोलापूरच्या मागावर मुख्यतः पद्मशाली समाज, तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेला. मालक साठीचे, घरात तेलुगू बोलणारे. दोघांची ओळख करून देत होते, पण खडखडाटात कुणाचंच ऐकू येईना. अब्बा एका मागापाशी थांबले. डोकं तिरकं करून ऐकलं आणि हातानं खूण केली, पिकिंग ढिलं आहे. मालकांनी कारागिराला बोलावलं. धोटा काढला, बघितला, कुणीतरी पाना आणला. अर्धा तास मी, अम्मी आणि माझा मुलगा एका बाजूला उभे. वर जॅकार्डची भोकं पाडलेली कार्डं सरकत होती आणि खाली चादरीवर तेच फूल पुन्हा पुन्हा उमटत होतं. मुलाला ते फूल कार्डातून कसं उतरतं हे अब्बांनी समजावलं. मी त्याला तीन वर्षांत एकदाही कारखाना दाखवला नव्हता.

चहा पिताना बोलणं वेगळ्याच गावी गेलं. सुताचा भाव, विजेचं बिल, बाहेरून येणारा स्वस्त माल. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण रस्त्यावर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक चादर सोलापूरची नसते. मालकांची मुलं पुण्यात नोकरीला. अब्बांनी सांगितलं, आमच्या गल्लीतले माग भंगारात किलोवर गेले. दोघं थोडा वेळ गप्प बसले. निघताना मालक अम्मीला चादर देऊ लागले. अब्बांनी पैसे दिलेच, पण जॉबरच्या भावानं, असं ते नंतर हसत म्हणाले.

संध्याकाळी विजापूर वेशीत शीक खाल्ले, नव्या पेठेतून शेंगाचटणी घेतली. कडक भाकरी अम्मीच्या दाताला झेपली नाही. तिची खरी तक्रार पाण्याची होती. सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि उजनीसारखं धरण याच जिल्ह्यात आहे. पंचगंगेकाठी राहून पाण्याची वाट बघणारी बाई ती, तरी चक्रावली. आमची पाळी पहाटे आली तेव्हा मी उठायच्या आत तिनं पिंप, कळशा, कुकरसुद्धा भरून ठेवला होता.

जायच्या आदल्या रात्री अब्बांनी फ्लॅटचा कागद मागितला. चष्मा लावून बराच वेळ वाचला. पुतळ्यांबद्दल काही बोलले नाहीत, शेजारी कोण हेही विचारलं नाही.

“टाकी केवढी आहे?”

मी आकडा सांगितला.

“कमी पडंल,” अम्मी आतून म्हणाली. “दोन हजाराची वेगळी बसवून घ्या म्हणावं. आधीच.”